लेकीकडून लेकीकडे

इंग्लंडमधल्या लिंकन कॅथीड्रलमध्ये मुख्य वेदीजवळ दोन दगडी थडगी एकमेकांना लागून आहेत. एक कॅथरिन स्विनफर्डचं. ती १४०३ साली गेली. दुसरं तिच्या मुलीचं, जोन बोफर्टचं. ती गेली १४४० साली. थडग्यांवर कधीकाळी पितळी पत्रे जडवलेले होते. सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात सैनिकांनी ते उखडून नेले, त्यामुळे आता तिथे आहे तो नुसता उघडा दगड. जोनचा नवरा राल्फ नेव्हिल, वेस्टमोरलंडचा अर्ल, कितीतरी मैल उत्तरेला स्टेनड्रॉपच्या चर्चमध्ये विसावला आहे. तिथे त्याचा पांढऱ्या दगडातला पुतळा निजलेला आहे आणि दोन्ही अंगांना त्याच्या दोन्ही बायका, त्याही दगडाच्या. त्यातली एक जोन. पण खरी जोन तिथे नाहीच. ती लिंकनला, आईच्या शेजारी. मेल्यावर माहेरी गेलेली.

मला ही गोष्ट इथूनच सांगावीशी वाटते, कारण पुढे जे घडलं त्याचे पहिले दोन दुवे हेच: एक आई आणि तिची लेक. तिसरा दुवा जोनची धाकटी मुलगी सेसिली नेव्हिल. दोन राजांची आई, आणि पुढच्या पाचशे वर्षांच्या सगळ्या इंग्लिश राजघराण्याची आजी. पण तिची सगळ्यात विलक्षण वारस-रेषा राजांच्या यादीत कुठेच सापडत नाही. ती गेली लेकीकडून लेकीकडे, दर पिढीला आडनाव बदलत, आणि पाच शतकांनी लेस्टर शहरातल्या मोटारी उभ्या करण्याच्या एका आवारात वर आली.

आधी आजी. कॅथरिन ही एका परदेशी सरदाराची मुलगी. तिचे वडील पेन दे रोए आजच्या बेल्जियम-फ्रान्सच्या सीमेवरच्या एनो प्रांतातून इंग्लंडच्या राणीच्या पदरी आले होते. तिची आई कोण होती, हे इतिहासाला माहीत नाही. राजपुत्र जॉन ऑफ गाँटच्या मुलींना सांभाळायला म्हणून कॅथरिन त्याच्या घरी आली. पुढे दोघांचे संबंध जुळले, चार मुलं झाली, आणि ती सगळी लग्नाआधीची. गाँट हा तिसऱ्या एडवर्ड राजाचा मुलगा, देशातला बहुधा सगळ्यात श्रीमंत माणूस. जानेवारी १३९६ मध्ये, मुलं मोठी झाल्यावर, त्याने कॅथरिनशी रीतसर लग्न केलं. लोक थक्क झाले. मग पोपने आणि १३९७ साली संसदेने त्या चारही मुलांना औरस ठरवलं. त्यांतली एक जोन.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये असं आपल्याकडे म्हणतात. राजांच्या कुळालाही ते लागू आहे, पण इथे कूळ शोधल्यामुळेच एक हरवलेला माणूस सापडला.

राल्फ नेव्हिलला दोन बायकांपासून मिळून वीसहून अधिक मुलं झाली. त्यांतली चौदा जोनची. एवढ्या लेकरांची लग्नं लावताना नवरा-बायकोंनी उत्तर इंग्लंड आणि अर्धा दरबार नात्यात बांधून घेतला. ३ मे १४१५ रोजी रेबीच्या किल्ल्यात सगळ्यात धाकटी सेसिली जन्मली. रूपामुळे पुढे तिला ‘रेबीचा गुलाब’ म्हणू लागले. ती आठ वर्षांची असताना राल्फने एका पोरक्या राजवंशीय मुलाचं पालकत्व तीन हजार मार्क मोजून विकत घेतलं. त्या काळी पालकत्वाचा असा सौदा राजरोस चालायचा, कारण अनाथ वारसाची मिळकत आणि त्याचं लग्न, दोन्ही पालकाच्या हातात येत. तो मुलगा म्हणजे यॉर्कचा ड्यूक रिचर्ड. सेसिली नऊ वर्षांची होती तेव्हाच तिचं त्याच्याशी ठरलं. सेसिलीच्या आईचे वडील आणि रिचर्डच्या वडिलांचे वडील हे सख्खे भाऊ. म्हणजे वधू आणि वर दोघांचाही पणजोबा एकच, तिसरा एडवर्ड.

वंशावळीत हे नेहमी होतं. माणसाला आईवडील दोन, आजीआजोबा चार, त्यांच्या वर आठ, अशी दुप्पट होत जाते. पण ही सगळी घरं वेगवेगळ्या माणसांनी भरतीलच असं नाही. सेसिलीच्या मुलांच्या झाडावर तिसरा एडवर्ड दोन फांद्यांवर बसलेला दिसतो. खरं तर तीन, कारण रिचर्डच्या आईकडूनही तो येतोच. त्या शतकातलं इंग्लंडचं सिंहासनाचं युद्ध, ज्याला आज गुलाबांचं युद्ध म्हणतात, ते मुळात याच एका माणसाच्या वंशजांचं भांडण होतं. भाऊबंदकी हा आपला शब्द त्याला चपखल बसतो. फक्त हे बांध रेटणं शेताचं नव्हतं, राज्याचं होतं.

सेसिलीला बारा-तेरा मुलं झाली. नवऱ्याच्या नेमणुकांमागे ती फिरत राहिली, म्हणून एडवर्ड फ्रान्समधल्या रुआँला जन्मला, जॉर्ज डब्लिनला, आणि रिचर्ड १४५२ मध्ये फॉदरिंगहेच्या किल्ल्यात. अर्धी मुलं लहानपणीच गेली. उरलेल्यांचं काय झालं ते सलग सांगितलं तर वाचणाऱ्याचा श्वास अडकतो. ३० डिसेंबर १४६० रोजी वेकफील्डच्या लढाईत तिचा नवरा आणि सतरा वर्षांचा मुलगा एडमंड मारले गेले. तिचा एक भाचा तिथेच पडला आणि पकडला गेलेला सख्खा भाऊ लगेच मारला गेला. नवऱ्याचं मुंडकं यॉर्कच्या वेशीवर कागदाचा मुकुट घालून टांगलं. तीन महिन्यांत थोरला एडवर्ड राजा झाला, चौथा एडवर्ड. १४७८ मध्ये या राजाने सख्ख्या भावाला, जॉर्जला, देशद्रोहाच्या आरोपावरून ठार केलं. १४८३ मध्ये एडवर्ड आजाराने गेला, त्याची दोन पोरं लंडन टॉवरमध्ये काकाच्या ताब्यात असताना दिसेनाशी झाली, आणि तो काका, म्हणजे सेसिलीचा धाकटा रिचर्ड, तिसरा रिचर्ड म्हणून गादीवर बसला. २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉस्वर्थला तोही पडला. सेसिलीचा एकही मुलगा आता उरला नव्हता. ती मात्र आणखी दहा वर्षं जगली.

ती दहा वर्षं कशी गेली असतील हे आपल्याला थोडंफार ठाऊक आहे, कारण बर्कहॅमस्टेडच्या तिच्या घरातली दिनचर्या कुणीतरी लिहून ठेवली. सातला उठायचं, प्रार्थना. अकराला जेवण. जेवताना कुणीतरी संतांच्या पुस्तकातलं मोठ्याने वाचायचं. मग तासभर गाऱ्हाणी घेऊन आलेल्यांची भेट. मग फक्त पाव तास झोप. पुन्हा प्रार्थना. संध्याकाळी पाचला जेवण, आणि त्या वेळी दुपारी ऐकलेलं पुस्तक ती भोवतीच्या बायकांना स्वतःच्या शब्दांत सांगायची. त्यानंतर थोड्या हास्यगप्पा, एक पेला वाइन, आणि आठला अंथरुणात. मला या सगळ्यात तो पाव तास फार जवळचा वाटतो. सिंहासनं उलथताना पाहिलेली एक म्हातारी दुपारी पंधरा मिनिटं डोळे मिटते, आणि ते कुणाला तरी कागदावर टिपावंसं वाटतं.

३१ मे १४९५ रोजी ती गेली आणि फॉदरिंगहेच्या चर्चमध्ये नवऱ्याजवळ तिचं दफन झालं. तोवर तिची नात एलिझाबेथ नव्या ट्यूडर राजाची राणी झाली होती आणि पणतू हेन्री चार वर्षांचा होत आला होता. हाच पुढचा आठवा हेन्री. १५०९ मध्ये तो गादीवर आला तेव्हापासून आजच्या तिसऱ्या चार्ल्सपर्यंत इंग्लंडच्या गादीवर बसलेला प्रत्येक वंशपरंपरागत राजा आणि राणी सेसिलीच्या रक्ताची आहे. खापरपणती पहिली एलिझाबेथ हिने फॉदरिंगहेला पणजोबांच्या घराण्याची मोडकी थडगी पाहिली आणि नवी बांधायला लावली. जुनं उघडलं तेव्हा सेसिलीच्या गळ्यात रेशमी फितीला बांधलेलं पोपचं क्षमापत्र होतं, असं लिहून ठेवलेलं आहे. त्याच गावच्या किल्ल्यात १५८७ च्या फेब्रुवारीत स्कॉटलंडच्या मेरी राणीचा शिरच्छेद झाला, एलिझाबेथच्या हुकमावरून. मेरीही सेसिलीचीच, आणखी एका पिढीने खालची. पणजीच्या आजीच्या थडग्यापासून हाकेच्या अंतरावर.

ही झाली पुस्तकांतली वंशावळ. मुलगा, त्याचा मुलगा, कधी मुलगा नसेल तर मुलगी. आता दुसरी.

सेसिलीची थोरली लेक अॅन १४३९ मध्ये फॉदरिंगहेला जन्मली. सात-आठ वर्षांची असताना तिचं लग्न एक्सेटरच्या ड्यूकशी लावलं. तो पुढे तिच्या माहेरच्या विरोधात लढला. ते लग्न १४७२ मध्ये रद्द झालं आणि तिने टॉमस सेंट लेजर नावाच्या सरदाराशी लग्न केलं. जानेवारी १४७६ मध्ये मुलगी झाली, तिचंही नाव अॅन. बाळंतपणातच आई गेली. विंडसरच्या सेंट जॉर्ज चॅपेलमध्ये टॉमसने बायकोच्या नावाने प्रार्थना चालू ठेवण्याची सोय केली. तिथल्या पितळी पत्र्यावर दोघं आजही गुडघे टेकून आहेत. १४८३ च्या नोव्हेंबरमध्ये टॉमस बंडात सामील झाला म्हणून त्याचं शिर उडवलं. हुकूम तिसऱ्या रिचर्डच्या राज्यात झाला. म्हणजे मामाच्या राज्यात भाचीचा बाप गेला. भाची सात वर्षांची.

हिच्याच वंशाने मामाची हाडं ओळखली.

आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत केंद्रकाबाहेर छोट्या छोट्या तंतुकणिका असतात. शाळेत यांना पेशीचं ऊर्जाकेंद्र म्हणून शिकवतात; मायटोकॉन्ड्रिया म्हणजे त्याच. यांच्याजवळ स्वतःचा वेगळा डीएनए असतो, गोल कड्यासारखा, १६,५६९ अक्षरांचा. केंद्रकातला डीएनए आई आणि बाप दोघांकडून येतो आणि दर पिढीला पिसलेल्या पत्त्यांसारखा मिसळतो. दहा-पंधरा पिढ्यांनंतर एखाद्या ठरावीक पूर्वजाचा तुकडा अंगात उरेलच असं नाही. तंतुकणिकेचं तसं नसतं. ती आईच्या बीजांडातून येते. बापाकडच्या कणिका गर्भधारणेनंतर नष्ट होतात. म्हणून हे कडं आईकडून जसंच्या तसं मिळतं. मुलगा असो की मुलगी, दोघांनाही मिळतं, पण पुढे देते ती फक्त मुलगी. क्वचित, कित्येक पिढ्यांतून एकदा, त्यातलं एखादं अक्षर बदलतं. एवढंच.

म्हणून ही रेघ माहेराची. आईचं माहेर, तिच्या आईचं माहेर, तिच्याही आईचं. कॅथरिनला ती तिच्या निनावी आईकडून मिळाली. कॅथरिनने जोनला दिली, जोनने सेसिलीला, सेसिलीने आपल्या सगळ्या मुलांना. एडवर्डला मिळाली आणि त्याच्यापाशी थांबली. रिचर्डलाही मिळाली आणि थांबली. राजघराण्यात ती आलीच नाही, कारण तिथे वारसा मुलाकडून गेला. पुढे चालत राहिली ती अॅनकडून.

अॅनची पोर अॅन सेंट लेजर हिचं लग्न मॅनर्स घराण्यात झालं. तिची मुलगी कॅथरिन कॉन्स्टेबल घराण्यात गेली, कॅथरिनची मुलगी बार्बरा बॅबथॉर्पांकडे. असं दर पिढीला घर बदललं, आडनाव बदललं. वंशावळ लिहिणारे मुलीपाशी येऊन थांबतात: अमुक घराण्यात दिली, मुक्काम समाप्त. आपल्या कुलवृत्तांतांतही हेच पाहायला मिळतं. अशी माणसं शोधायची तर जन्मनोंदी, लग्ननोंदी, मृत्युपत्रं, थडग्यांवरची अक्षरं असं एक-एक चाळावं लागतं. पण या साखळीत एक सुंदर गोष्ट घडली आहे. बॅबथॉर्पांच्या नातीपासून लागोपाठ सात पिढ्यांतल्या बायकांचं नाव बार्बरा आहे. बार्बरा चॉमली, बार्बरा बेलासिस, बार्बरा स्लिंग्जबी, बार्बरा टॅल्बट, बार्बरा येल्व्हर्टन, बार्बरा कॅल्थॉर्प, बार्बरा गॉफ-कॅल्थॉर्प. आडनाव प्रत्येक वेळी परक्या घरचं; हातात धरून ठेवलं ते आईचं नाव. पेशीच्या आत काय चाललं आहे हे त्यांतल्या एकीलाही ठाऊक असण्याची शक्यता नव्हती. तरी त्यांनी नावाने तीच गोष्ट केली.

सातव्या बार्बराने बर्मिंगहॅमच्या आयझॅक स्पूनरशी लग्न केलं. तिच्या मुलींतली एक पुन्हा बार्बरा. ही विल्यम विल्बरफोर्सची बायको, ज्याने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध संसदेत वर्षानुवर्षं झुंज दिली आणि १८०७ मध्ये तो कायद्याने बंद करवला. त्यांचा मुलगा सॅम्युएल पुढे बिशप झाला. १८६० मध्ये ऑक्सफर्डच्या सभेत डार्विनच्या सिद्धान्ताविरुद्ध बोलायला उभा राहिला तो हाच. उत्क्रांतीच्या वादात तावातावाने बोलणाऱ्या त्या माणसाच्या प्रत्येक पेशीत तिसऱ्या रिचर्डचं कडं फिरत होतं. विल्बरफोर्सच्या मेहुणीचं नाव अॅन. तिचा मुलगा एडवर्ड व्हॅन्सिटार्ट नील हा ब्रिटनच्या सहकारी चळवळीचा एक मोठा आधारस्तंभ. सहकारात वाढलेल्या आपल्या मुलखातल्या वाचकाला ते ऐकून बरं वाटेल. पण रेघ पुढे नेली ती नीलच्या बहिणीने, शार्लटने. मग तिच्या लेकीने, नातीने, आणि त्या वंशातली एक विसाव्या शतकात कॅनडात जाऊन राहिली.

इतिहासकार जॉन अॅशडाउन-हिल २००४ च्या सुमारास हा माग काढत होते, तो रिचर्डसाठी नव्हता. सेसिलीची आणखी एक मुलगी मार्गारेट बर्गंडीची डचेस झाली आणि बेल्जियममधल्या मेखेलेनला पुरली गेली. तिथे सापडलेली हाडं तिची आहेत का, हे पाहायचं होतं. कडं जुळवायला जिवंत नमुना हवा होता, म्हणून ते बायकांच्या ओळीने चालत चालत कॅनडातल्या त्या बाईंपर्यंत पोहोचले. मेखेलेनला निर्णय लागला नाही. पण ती सिद्ध झालेली साखळी तयार राहिली.

२५ ऑगस्ट २०१२ रोजी लेस्टरमध्ये, जिथे एके काळी ग्रेफ्रायर्स मठ होता त्या जागेवरच्या मोटारींच्या आवारात रिचर्डच्या हाडांच्या शोधात खणायला सुरुवात झाली. पहिल्याच दिवशी पायाची हाडं दिसली. पुढच्या दिवसांत उरलेलं वर आलं. खड्डा इतका आखूड होता की डोकं कडेला टेकून पुढे झुकलेलं. ना पेटी, ना कफन. पाठीचा कणा इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला. कवटीच्या तळाशी धारदार शस्त्राचा घाव. लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग यांनी दात आणि मांडीच्या हाडातून डीएनए काढला. तोवर कॅनडातली ती बाई वारली होती. तिचा मुलगा लंडनमध्ये लाकडी फर्निचर बनवतो. त्याने लाळेचा नमुना दिला. कॅथरिन मॅनर्सच्या दुसऱ्या मुलीपासून निघालेल्या ओळीतलीही एक व्यक्ती संशोधकांना सापडली. सुताराचं कडं हाडांतल्या कड्याशी पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत जुळलं. दुसऱ्या व्यक्तीत १६,५६९ मधलं एकच अक्षर वेगळं निघालं. हाडांतल्या कड्याचा हा प्रकार दुर्मिळ आहे. युरोपातल्या २६,१२७ नमुन्यांच्या साठ्यात त्याच्याशी जुळणारं एकही सापडलं नव्हतं. सगळा पुरावा एकत्र धरता हाडं रिचर्डचीच असण्याची शक्यता ९९.९९९ टक्के, असं डिसेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं.

आता बापाकडच्या रेघेकडे पाहा. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला जातं. तिसऱ्या एडवर्डपासून पुरुषांच्या ओळीने आजपर्यंत आलेले म्हणून कागदावर नोंदलेले पाच पुरुष तपासले. कागद अगदी अव्वल, सरदारी घराण्याचे, पिढ्यान् पिढ्या जपलेले. एकाचंही गुणसूत्र रिचर्डशी जुळलं नाही. शिवाय त्या पाचांत चौघांचं एक आणि पाचव्याचं वेगळंच. म्हणजे कुठेतरी, कधीतरी, नोंदलेला बाप खरा नव्हता, आणि ते एकदाच झालेलं नाही. रिचर्ड आणि अठराव्या शतकातला त्या पाचांचा सामाईक पूर्वज यांच्यामध्ये अशा १९ कड्या आहेत. त्यांतली कोणती तुटली हे सांगता येत नाही. चौथा एडवर्ड औरस नाही अशी कुजबुज त्याच्या हयातीत होती आणि रिचर्डच्या बाजूने ती वापरलीही. त्यामुळे या निकालावरून सेसिलीवर बोट दाखवायचा मोह लोकांना झाला. मला तो अन्यायकारक वाटतो. बहुतेक कड्या तर तिच्या आजोबांच्या, गाँटच्या, बाजूला आहेत. आणि तपासलेल्या रेघेत चौथा एडवर्ड येतच नाही.

कागदावर जिचा डंका होता ती रेघ तुटलेली निघाली. जिच्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं ती अखंड. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो होतो.

एक आकडा आणखी. लंडनचा सुतार सेसिलीपासून अठराव्या पिढीत आहे. त्याच्या झाडावर अठराव्या पिढीला दोन लाख बासष्ट हजार एकशे चव्वेचाळीस जागा. त्या काळी इंग्लंडची लोकसंख्या वीस-पंचवीस लाख. साहजिकच पुष्कळ जागांवर तीच तीच माणसं पुनःपुन्हा येणार. म्हणून आज इंग्लंडात फिरणाऱ्या लाखो सामान्य माणसांच्या झाडावरही सेसिली कुठे ना कुठे बसलेली असणार, त्यांना माहीत नसलं तरी. पण त्या अडीच लाखांहून अधिक जागांपैकी निव्वळ आयांच्या रेघेने पोहोचणारी जागा एकच. सुताराच्या झाडावर त्या एका जागेवर ती आहे.

२६ मार्च २०१५ रोजी तिसऱ्या रिचर्डचं लेस्टर कॅथीड्रलमध्ये पुन्हा दफन झालं. पेटी त्या सुताराने स्वतः बनवली. लाकूड इंग्लिश ओकचं, कॉर्नवॉलच्या डचीच्या जमिनीतलं. त्या वेळी कॉर्नवॉलचा ड्यूक होता चार्ल्स, म्हणजे एडवर्डच्या बाजूने सेसिलीचाच वंशज. लाकूड त्याच्या मालकीच्या झाडाचं, रंधा दुसऱ्या फांदीवरच्या वंशजाचा. फळ्या जोडताना सुताराच्या बोटांच्या पेशींत जे कडं होतं, तेच आत ठेवायच्या हाडांत होतं. तो पुरुष असल्यामुळे त्याच्याकडून ते पुढे जाणार नव्हतं, जसं रिचर्डकडून गेलं नव्हतं.